सर्व्हर नवा, क्लायंट जुना : डेटाबेसच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एखाद्या किराणा पेढीवर तुम्हाला पहिल्यांदा एकट्याने पाठवलं की मुनीमजी काय म्हणतील ते आत्ताच सांगून ठेवतो : ‘‘भैया, कल तक तो बराबर चल रहा था.’’ ते खरंच बोलत असतात. त्यांच्या संगणकावरच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरला कुणी हात लावलेला नसतो. बदललेला असतो तो मागचा डेटाबेस सर्व्हर, म्हणजे नोंदी साठवून मागितल्या की देणारा प्रोग्रॅम. होस्टिंगवाल्याने, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्याने, आवृत्ती वर नेलेली असते, किंवा जुनं मशीन जाऊन नवं आलेलं असतं. बदल मागे होतो आणि दुखणं पुढे, क्लायंटमध्ये दिसतं. इंदूरातल्या छोट्या पेढ्या, शाळा, पतसंस्था यांची सॉफ्टवेअरं सांभाळताना माझा अर्धा वेळ याच दुखण्यावर गेला आहे. ते टाळायचं कसं, हे पायरीपायरीने सांगतो.

क्लायंट म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारणारं काहीही. बिलिंगचा प्रोग्रॅम क्लायंट, मालकाच्या मोबाइलवरचं ॲप क्लायंट, आणि कुणीतरी पाच वर्षांपूर्वी डेटाबेसला जोडून ठेवलेली एक्सेलची शीटसुद्धा क्लायंटच. हे तिसरं नेहमी विसरलं जातं.

आधी भाषेविषयी थोडं

डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्यात लिहिलेला एक प्रश्न म्हणजे क्वेरी. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल मांडणीचा, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायच्या पद्धतीचा, शोधनिबंध लिहिला, आणि १९७४ मध्ये आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिच्यासाठी ‘सीक्वेल’ नावाची भाषा मांडली. तिचंच पुढे एसक्यूएल झालं. एएनएसआय या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने १९८६ मध्ये तिचं मानक केलं, १९८७ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते स्वीकारलं. त्यानंतर मानकाच्या आवृत्त्या येत राहिल्या. १९९२ ची मोठी, १९९९ मध्ये रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या) क्वेरी, २००३ मध्ये विंडो फंक्शन्स (आजूबाजूच्या ओळी धरून हिशेब करणारी), २०११ मध्ये काळानुसार बदलणाऱ्या नोंदी, २०१६ मध्ये जेसन या मांडणीतला मजकूर, २०२३ मध्ये आलेखासारख्या जोडण्यांवर विचारायच्या क्वेरी. २०२४ मध्ये तर आलेखांसाठी जीक्यूएल नावाची वेगळीच मानक भाषा आयएसओने प्रसिद्ध केली.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक : मानक बहुतेक वेळा जुनं काढून टाकत नाही, नवं जोडतं. पण नवं जोडायला नवे शब्द लागतात, आणि ते शब्द एकदा आरक्षित झाले, म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखून ठेवले, की त्याच नावाचे तुमचे कॉलम अडचणीत येतात. दोन : मानक एक असलं तरी प्रत्येक डेटाबेसची बोली वेगळी. एकाच मराठीची इंदुरी आणि पुणेरी असावी, तसंच. पहिल्या दहा ओळी मागायला मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर ‘लिमिट’ म्हणतं, मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर ‘टॉप’ म्हणत आलं, आणि मानकाने २००८ मध्ये ‘फेच फर्स्ट’ दिलं. दोन मजकूर जोडायला मानकात दोन उभ्या रेघांचं चिन्ह आहे. मायएसक्यूएल मूळ सेटिंगमध्ये तेच चिन्ह ‘किंवा’ या अर्थाने घेतं, त्यामुळे नाव आणि आडनाव जोडायला गेलात तर हाती एखादा शून्य येतो. एररही येत नाही. एकेकाळी अमेरिकेत एनआयएसटी ही सरकारी संस्था उत्पादनं मानकाला धरून आहेत का याच्या चाचण्या घेत असे. त्या नव्वदच्या दशकातच बंद झाल्या. तेव्हापासून ‘आम्ही मानक पाळतो’ हे ज्याचं त्याने सांगायचं. म्हणून आपली तपासणी आपणच करायची.

पहिली पायरी : वही घाला

खरोखरची वही, किंवा एक साधी फाइल. प्रत्येक ग्राहकाला एक पान. त्यावर सर्व्हर कोणता आणि आवृत्ती कोणती ते लिहा. ‘मायएसक्यूएल’ एवढं लिहून भागत नाही. ५.७ आणि ८.० या एकाच घरातल्या असल्या तरी स्वभावाने निराळ्या आहेत. आवृत्ती विचारायला ‘सिलेक्ट व्हर्जन’ ही एका ओळीची क्वेरी मायएसक्यूएललाही चालते आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसलाही. मग प्रत्येक क्लायंटचा ड्रायव्हर (क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातला दुभाषा) कोणता, त्याची आवृत्ती, तो ३२ बिटचा की ६४ बिटचा, कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) कोणता, आणि मायएसक्यूएल असेल तर ‘एसक्यूएल मोड’मध्ये, म्हणजे सर्व्हर किती कडक वागेल ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, काय काय लिहिलं आहे, तेही.

बिटांवर नवीन मुलं हमखास अडकतात. विंडोजमध्ये ओडीबीसीची (प्रोग्रॅम डेटाबेसला जोडायच्या सामाईक पद्धतीची) सेटिंग करायच्या खिडक्या दोन आहेत. ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमधली ६४ बिटची आहे आणि ‘सिसवॉव६४’ मधली ३२ बिटची. नावं उलटी वाटतात, पण वस्तुस्थिती तीच आहे. एक्सेल ६४ बिटचं असेल तर त्याला ६४ बिटचाच ड्रायव्हर दिसतो. तुम्ही दुसऱ्या खिडकीत जोडणी करून ‘होत नाही, होत नाही’ करत बसाल. वहीत लिहिलेलं असेल तर हा तास वाचतो.

क्लायंट किती आहेत हे मालकाला विचारू नका, सर्व्हरला विचारा. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’, पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ ही यादी. एकदा बघून भागत नाही. सकाळी पेढी उघडताना, दुपारी, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी बघा. महिन्यातून एकदाच धावणारा रिपोर्ट त्याच दिवशी सापडतो. प्रत्येक क्लायंटला वेगळं युजरनेम दिलेलं असेल तर ही यादी लगेच वाचता येते. सगळे ‘रूट’ या सर्वाधिकारी नावाने येत असतील, तर ते आधी बदला.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात मुदत लिहा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण दर वर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मायएसक्यूएल ५.७ च्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या, ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच. जास्त टिकणारी म्हणून ८.४ आहे. मुदत माहीत असली की बदल तुमच्या सोयीने होतो. नसली तर होस्टिंगवाल्याच्या सोयीने होतो.

दुसरी पायरी : बदलांची टीप वाचा

प्रत्येक आवृत्तीसोबत बदलांची टीप येते. नवीन काय आलं ते सावकाश वाचा, पण आधी तीन ठिकाणी बोट ठेवा : काय काढून टाकलं, मूळ सेटिंग काय बदललं, आणि कोणते शब्द नव्याने आरक्षित झाले. मधल्या दोन आवृत्त्या ओलांडून जात असाल तर मधल्याही टिपा वाचायच्या. ‘लवकरच काढू’ असं मागच्या आवृत्तीत म्हटलेलं पुढच्या आवृत्तीत खरोखर काढलेलं असतं.

तिसरी पायरी : नकलेवर खऱ्या क्वेरी चालवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खऱ्या डेटाबेसचा बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा, तिथे नवी आवृत्ती घाला, आणि क्लायंटकडून खरोखर जाणाऱ्या क्वेरी तिच्यावर सोडा. कोणत्या क्वेरी जातात हे कळायला जुन्या सर्व्हरवर काही दिवस क्वेरी लॉग, म्हणजे आलेल्या क्वेरींची नोंद, चालू ठेवा. लॉगमध्ये लोकांची नावं आणि रकमा असतात, त्यामुळे काम झाल्यावर तो पुसायचा. यात सूट नाही.

एका शाळेच्या निकालपत्रकाचं उदाहरण देतो. टेबलात विद्यार्थ्याचा गुणांनुसार नंबर ठेवायला कॉलम होता, नाव ‘रँक’. मायएसक्यूएल ५.७ वर वर्षानुवर्षं नीट चाललं. ८.० मध्ये विंडो फंक्शन्स आली, त्यांच्यासोबत ‘रँक’ हा शब्द आरक्षित झाला. मानकात तो २००३ पासूनच होता, मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली आला. सर्व्हर वर गेला आणि ‘सिलेक्ट नाव, रँक’ असं लिहिलेली प्रत्येक क्वेरी वाक्यरचनेची चूक म्हणून परत येऊ लागली. गोंधळ वाढला तो वेगळ्याच गोष्टीने : काही रिपोर्ट अगदी बरोबर येत होते. मला दीड दिवस वाटत राहिलं की चूक जोडणीत आहे. शेवटी दोन क्वेरी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. चालणाऱ्या क्वेरीत टेबलाचं टोपणनाव, मग टिंब, मग ‘रँक’ असं लिहिलं होतं. टिंबानंतर आलेला आरक्षित शब्द मायएसक्यूएल नाव म्हणूनच वाचतं, त्यामुळे तिथे अडत नाही. टिंब नसलेल्या क्वेरी पडल्या होत्या.

यावरची तातडीची मलमपट्टी म्हणजे त्या नावाभोवती अवतरणं. मायएसक्यूएलचं चिन्ह उलटं तिरकं अवतरण, मानकाचं दुहेरी अवतरण. खरा उपाय कॉलमचं नाव बदलण्याचा. आम्ही ‘गुणक्रम’ केलं, रोमन अक्षरांत. नवं टेबल बनवताना भाषेच्या शब्दकोशातली नावं घेऊच नका. ‘ग्रुप्स’, ‘सिस्टिम’, ‘विंडो’ ही नावंसुद्धा अशीच गेली. ‘डेट’ ऐवजी ‘बिल_डेट’ लिहायला काही पैसे पडत नाहीत.

ही चूक निदान बोंब मारते. गप्प राहणारी चूक जास्त घातक. एका घाऊक व्यापाऱ्याकडे पार्टीनुसार बाकीची यादी छापली जायची. क्वेरीत ‘ग्रुप बाय पार्टी’ (पार्टीनुसार गट कर) होतं, ‘ऑर्डर बाय’ (क्रम लाव) नव्हतं. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत ‘ग्रुप बाय’ केलं की ओळी आपोआप त्याच क्रमाने लागायच्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ८.० ने ही सवय सोडली. यादी छापली जात होती, बेरीज बरोबर होती, फक्त नावं विस्कटलेली. मुनीमजी यादीवर बोट फिरवत वसुलीला माणूस पाठवायचे. त्यांना नाव जिथे असायला हवं तिथे दिसेना, म्हणून त्यांनी पार्टी चुकती झाली असं धरलं. दोन आठवडे ती वसुली राहिली. मानकाने कायम हेच सांगितलं आहे की ‘ऑर्डर बाय’ नसेल तर क्रमाची हमी नाही. आम्ही सर्व्हरच्या सवयीवर विसंबलो होतो. तेव्हापासून नवीन मुलाला क्वेरी तपासायला बसवतो तेव्हा पहिला प्रश्न हाच : माणूस वाचणार असलेल्या प्रत्येक यादीत ‘ऑर्डर बाय’ आहे का?

‘ग्रुप बाय’चा दुसरा त्रासही याच घराण्यातला. पार्टी आणि गाव दाखवायचं, रकमेची बेरीज करायची, आणि गट मात्र फक्त पार्टीवर. मग एका पार्टीची दोन गावं असतील तर कोणतं दाखवायचं? जुनं मायएसक्यूएल त्यातलं कुठलंही एक उचलून द्यायचं. २०१५ मधल्या ५.७ पासून ते मूळ सेटिंगमध्येच नकार देतं. इंटरनेटवर शोधलंत तर पहिला सल्ला मिळेल की हा नकार देणारा शब्द ‘एसक्यूएल मोड’मधून काढून टाका. काढू नका. सर्व्हर खरा प्रश्न विचारतो आहे. उत्तर मालकाला विचारून क्वेरीत लिहा.

म्हणून नकलेवर तपासताना ‘चाललं’ एवढ्यावर थांबायचं नाही. जुन्या सर्व्हरचा रिपोर्ट आणि नव्याचा रिपोर्ट फाइलमध्ये काढून ओळ न् ओळ ताडून बघायची.

चौथी पायरी : ड्रायव्हर आधी, सर्व्हर नंतर

नवा ड्रायव्हर सहसा जुन्या सर्व्हरशी बोलतो. जुना ड्रायव्हर नव्या सर्व्हरशी बोलेलच असं नाही. त्यामुळे क्रम ठरलेला : आधी सगळे क्लायंट नव्या ड्रायव्हरवर न्या, आठवडाभर जुन्या सर्व्हरवर चालू द्या, मग सर्व्हर बदला. दोन्ही एकाच रात्री बदललंत तर दोष कुणाचा हेच कळत नाही.

जुना ड्रायव्हर अडतो तो बहुतेक वेळा दारातच, पासवर्डपाशी. मायएसक्यूएल ८.० ने पासवर्ड तपासायची मूळ पद्धत बदलली. जुनी पद्धत ८.४ मध्ये मुळातच बंद ठेवली आणि ९.० मध्ये काढूनच टाकली. पोस्टग्रेसने ‘स्क्रॅम’ ही पद्धत २०१७ च्या १० व्या आवृत्तीत आणली आणि २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत मूळ केली. त्याआधीच्या लायब्ररीवर (ड्रायव्हरच्या तयार कोडवर) बांधलेला क्लायंट ‘मला ही पद्धत येत नाही’ असं सांगून परत फिरतो. मुलं अशा वेळी सर्व्हरवर जुनी पद्धत चालू करून मोकळी होतात. एखादी रात्र काढायला ठीक आहे, पण वहीत तारीख टाकून लिहा आणि ड्रायव्हर बदलल्यावर तो युजर नव्या पद्धतीवर आणा. जुन्या पद्धती कमकुवत ठरल्या म्हणूनच बदलल्या आहेत, आणि आत लोकांचे हिशेब आहेत.

जोडणीच्या कुलुपाचंही तेच. टीएलएस म्हणजे जोडणीवरून जाणारा मजकूर गुप्त ठेवायची पद्धत. तिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवल्या गेल्या आणि मायएसक्यूएलने ८.०.२८ पासून त्या काढल्या. मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ मूळ सेटिंगमध्येच कुलूपबंद जोडणी मागतो. पेढीतल्या सर्व्हरवर घरगुती प्रमाणपत्र असतं, ते त्याला पटत नाही. ‘सर्व्हरवर डोळे मिटून विश्वास ठेव’ असा पर्याय आहे, पण त्यापेक्षा प्रमाणपत्र क्लायंटच्या मशीनवर नीट बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पाचवी पायरी : मराठी नावं

हा भाग आपल्या लोकांनी विशेष जपायचा. इंग्रजी डेटावर तपासलेलं सॉफ्टवेअर देवनागरीवर पडतं आणि ते दुसरं कुणी आपल्यासाठी बघणार नाही.

देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ तीन बाइटपर्यंतच जातो, त्यामुळे मराठी त्यात मावते, पण इमोजीला चार लागतात. ॲपमधून आलेल्या शेऱ्यात एक हसरा चेहरा असला की नोंद अडते. म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ घ्या, ८.० मध्ये तो मूळच आहे. मात्र त्यासोबत आलेला नवा कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) जुन्या पीएचपीच्या ड्रायव्हरला ओळखता येत नाही. ‘कॅरेक्टर सेट २५५ माहीत नाही’ अशी तक्रार आली तर दुखणं हेच समजा. उपाय पुन्हा ड्रायव्हर.

आता आडनावं. लोकमान्यनगर, राजेंद्रनगरातल्या सभासदांची यादी हाताळाल तेव्हा बऱ्हाणपूरकर, वऱ्हाडपांडे अशी नावं येतील. हा ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो : टिंबवाला ‘र’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, डेटाबेसमध्ये दोन वेगळे मजकूर. एका कीबोर्डने भरलेला सभासद दुसऱ्या कीबोर्डने शोधला की सापडत नाही, मग कारकून त्याला नव्याने भरतो, आणि एका माणसाची दोन खाती होतात. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने हे दोन रूप एक होत नाहीत. नोंद आत येतानाच क्लायंटने एक रूप ठरवून बदलून घ्यायला हवं, आणि शोधताना तेच. माझ्याकडे तपासणीसाठी वीस नावांची यादी आहे. तिच्यात दोन्ही ‘ऱ्ह’, ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘ॲ’, ‘ऑ’ आणि ‘श्रीकृष्ण’ आहे. ड्रायव्हर बदलला की ती भरायची, वाचायची, शोधायची, क्रम लावून छापायची. तुम्हीही अशी एक बनवून ठेवा.

सहावी पायरी : बदलाचा दिवस

मार्चचा शेवट, दिवाळीचं हिशेबपूजन, शाळेच्या निकालाचा आठवडा, हे दिवस सोडा. आदल्या रात्रीचा बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे रिस्टोअर करून उघडून बघा. न उघडलेला बॅकअप धरायचा नाही. मायएसक्यूएल ८.० वर गेलेला डेटा जागच्या जागी ५.७ वर परत नेता येत नाही, त्यामुळे परतीची वाट म्हणजे तो बॅकअप आणि जुना सर्व्हर. जुनं मशीन निदान एक महिनाअखेर होईपर्यंत जपून ठेवा.

नवं कधी वापरायचं

नवं आलं म्हणून लगेच धावू नका. पण फायद्याचं असेल तर लाजूही नका. खात्याच्या प्रत्येक ओळीसमोर चालू शिल्लक दाखवायला आम्ही पूर्वी क्लायंटमध्ये लूप चालवायचो. विंडो फंक्शनने ते एका क्वेरीत होतं : रकमेची बेरीज, ‘ओव्हर’, कंसात ‘ऑर्डर बाय तारीख’. पोस्टग्रेसमध्ये हे २००९ पासून आहे. एक खाच मात्र आहे. फक्त तारखेवर क्रम लावलात तर एकाच दिवसाच्या सगळ्या बिलांसमोर दिवसअखेरची एकच शिल्लक येते, कारण समान तारखेच्या ओळी मानक एकत्र धरतं. तारखेपाठोपाठ बिल क्रमांकही लिहा, मग शिल्लक ओळीगणिक पुढे सरकते.

माझा नियम असा : वहीतल्या सगळ्या ग्राहकांच्या सर्व्हरना जे येतं तेच सामाईक सॉफ्टवेअरमध्ये वापरायचं. एकाच बोलीत असलेलं काही वापरावंच लागलं, तर अशा क्वेरी एका फाइलमध्ये एकत्र ठेवायच्या, कोडमध्ये पसरू द्यायच्या नाहीत.

सातवी पायरी : कराराचं पान

पोस्टग्रेसच्या छोट्या दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये ठरलेल्या वेळी येतात. मायएसक्यूएलच्याही दर तिमाहीला. त्या आठवड्यात प्रत्येक ग्राहकाचं पान उघडा. ड्रायव्हर किती मागे आहे बघा, बॅकअप उघडून बघा, नावांची यादी चालवा, तारीख टाका. एका ग्राहकामागे साधारण अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस वार्षिक देखभालीच्या करारात स्वतंत्र ओळ म्हणून लिहा, मोबदल्यासकट. सेठजी विचारतील, ‘‘चल तो रहा है, फिर किस बात के पैसे?’’ त्यांना वही दाखवा, मुदतीच्या तारखेवर बोट ठेवा, आणि त्या तारखेनंतर काय काय अडेल ते त्यांच्याच बिलाच्या पडद्यावर समजावून सांगा.